धुक्याचे बारसे

गेल्या दिवाळीतील नरकचतुर्दशीची गोष्ट. कारिट फोडून, अभ्यंगस्नान उरकून, ओल्या डोक्याला पंचा गुंडाळून मी गॅलरीत उभा होतो. समोरची इमारत दिसत नव्हती. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पिवळसर वलये पडली होती आणि कोपऱ्यावरचा पिंपळ अर्धाच उरला होता. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी मोह आवरत नाही. मी मुलीला हाक मारली, “अगं, ये इकडे! बघ, काय सुरेख धुकं पडलंय!”

मुलगी आली, पण तिच्याआधी आतून आईचा आवाज आला. आईला दमा आहे. पहाटेपासून ती उशांना टेकून बसून होती. धापा टाकीतच ती म्हणाली, “धुक्याला वास असतो होय रे?”

मी श्वास घेतला. फटाक्यांच्या दारूचा वास होता. माझे ते सुरेख धुके म्हणजे पहाटे चारपासून आळीतल्या मुलांनी जाळलेल्या लवंगी माळांचा आणि भुईनळ्यांचा धूर होता.

मुलीने लगेच प्रश्न टाकला, “मग ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं, बाबा? मिस्ट, फॉग, की हेज? आम्हांला तर तिन्ही शब्दांचा अर्थ ‘धुकं’ असाच लिहून दिलाय.”

तो अर्थ लिहून देणारा मास्तर मीच होतो. मुलगी माझ्याच शाळेत शिकते. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलण्याची सोय नव्हती. मॅट्रिकच्या शिदोरीवर आजवर निभावून नेले होते. पण त्या दिवशी फराळाचे ताट बाजूला सारून मी कोश उघडला, आणि पुढे कित्येक महिने या शब्दांच्या मागे हिंडलो. त्या हिंडण्यात मला एका शब्दाची जन्मकथा सापडली. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

या घराण्यातला सर्वांत वडीलधारा शब्द ‘मिस्ट’. इंग्रजी भाषेच्या अगदी जुन्या अवस्थेपासून तो आहे आणि नात्याने तो आपला भाऊबंदच लागतो. संस्कृतातला ‘मेघ’ आणि इंग्रजांचा ‘मिस्ट’ ही एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ‘फॉग’ त्या मानाने उशिरा आलेला. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत दिसू लागतो आणि बहुधा डेन्मार्कच्या बाजूने आलेला असावा. ‘हेज’ हा खलाशांच्या तोंडचा. सतराव्या शतकातले दर्यावर्दी हवा ‘हेजी’ आहे असे म्हणत. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी त्यावरून नाम रूढ झाले. याच उच्चाराचे एक निराळे क्रियापदही जहाजांवर चाले. त्याचा अर्थ, खलाशांना नको तितक्या कामाला जुंपून छळणे. अमेरिकेतल्या कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांचा जो छळ होतो त्याला ‘हेजिंग’ म्हणतात, ते त्यावरून. आपल्याकडे त्याच प्रकाराला रॅगिंग हे नाव आहे.

हवामानशास्त्राने या तिघांची वाटणी मोठी चोख करून ठेवली आहे. पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागले आणि एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले, म्हणजे फॉग. थेंब तेच, पण किलोमीटरपलीकडचेही अंधुक का होईना दिसते आहे, म्हणजे मिस्ट. आणि जिथे पाण्याचा संबंध नाही, धूळ, धूर, मीठ यांच्या कोरड्या कणांनीच हवा गढुळली आहे, तिथे हेज. एकूण, मी वर्गात तिघांना एकाच पंगतीला बसवले होते ते चुकलेच होते.

आपल्याकडेही असे बारकावे आहेत. कोकणातल्या बागाईतदाराला विचारा. आंबा मोहोरावर असताना आभाळात नुसते मळभ आले तरी त्याच्या पोटात गोळा येतो. कारण त्यामागून तुडतुडे येतात, भुरी येते आणि वर्षाचे उत्पन्न झडून जाते. धुई, दव, मळभ हे शब्द त्याला कवितेसाठी लागत नाहीत; फवारणी कधी करायची हे ठरवण्यासाठी लागतात. नाव बरोबर असेल, तर उपाय बरोबर सुचतो.

आणि नाव चुकले, तर काय होते? त्याचे उदाहरण पाहायला लंडनला जावे लागते.

थेम्स नदीच्या खोऱ्यात वसलेल्या त्या शहराला धुके हे निसर्गाचेच देणे. परंतु त्यात माणसाने आपली भर घातली ती कोळशाने. लाकूड महाग होत गेले तसा न्यूकॅसलच्या बाजूचा दगडी कोळसा जहाजांतून लंडनला येऊ लागला. म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. चौदाव्या शतकाच्या अगदी आरंभी पहिल्या एडवर्ड राजाने भट्ट्यांमध्ये हा कोळसा जाळू नये असा हुकूम काढला होता. थंडी पडली आणि हुकूम विरघळला. १६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या विद्वान गृहस्थाने ‘फ्यूमिफ्यूजियम’ ही पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केली. लॅटिनमधला ‘फ्यूमस’ म्हणजे आपला ‘धूम’च, तेव्हा या नावाचा अर्थ ‘धूर हाकलणे’ असा आपण लावू. एव्हलिनचे म्हणणे साधे होते: दारू गाळणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले आणि साबण करणारे यांना शहराबाहेर न्यावे, आणि शहराभोवती सुगंधी फुलझाडांचे पट्टे लावावेत. राजाने कौतुक केले. पुढे काही झाले नाही.

एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत घराघरांतली शेगडी, कारखान्याकारखान्यातला बॉयलर आणि आगगाडीचे इंजिन अशा तिन्ही तोंडांनी लंडन धूर ओकू लागले होते. हिवाळ्यात धुके पडले की हा धूर त्यात अडके आणि हवा पिवळी, तपकिरी, कधी काळपट होई. भरदुपारी दिवे लावावे लागत. डिकन्सने १८५२ साली हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘ब्लीक हाऊस’ कादंबरीचा प्रारंभच या धुक्याने केला आहे.

आता खरी गंमत अशी, की लंडनवासीयांनी या घाणेरड्या हवेला लाडाची नावे ठेवली. वाटाण्याच्या घट्ट सूपासारखी दिसते म्हणून तिला ते ‘पी-सूपर’ म्हणत. दुसरे नाव ‘लंडन पर्टिक्युलर’. मुळात हे लंडनच्या गिऱ्हाइकांसाठी खास आणलेल्या माडेरा मद्याचे नाव. ते धुक्याला चिकटले. परदेशी पाहुण्यांना हे धुके दाखवण्याजोगे वाटे. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ या काळात लंडनला येऊन सव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून थेम्सवरचे पूल रंगवीत बसे. त्याला लंडन आवडे ते धुक्यामुळेच. मला माझी गॅलरी आठवली. मोनेने निदान चित्रे तरी काढली!

या लाडाचा परिणाम काय होतो, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे माणसे पटापट मारणाऱ्या आणि वाचलेल्यांची तोंडे विद्रूप करणाऱ्या रोगाला ‘देवी’ म्हणत. जिला देवी म्हटले तिची पूजा करता येते, तिला नैवेद्य दाखवता येतो. तिच्याशी भांडता येत नाही. लंडनच्या धुक्याचेही तसेच झाले. १८७३ च्या डिसेंबरात इस्लिंग्टनच्या जनावरांच्या प्रदर्शनात बक्षिसासाठी आणलेली गुरे धुक्यात घुसमटून मेली. त्याची चर्चा झाली. त्याच आठवड्यात माणसेही नेहमीपेक्षा शेकड्यांनी अधिक मेली. पण ती आपापल्या घरी, खोकत खोकत मेली, आणि मृत्यूच्या नोंदीत त्यांच्यापुढे दम्याचे व छातीच्या रोगांचे नाव पडले. धुके निसर्गाचे, मग जाब विचारायचा कुणाला?

हा पेच ओळखणारा माणूस एक डॉक्टर होता. त्याचे नाव हेन्री अँटॉइन डे व्हो. १८९८ साली विल्यम ब्लेक रिचमंड या चित्रकाराने लंडनमध्ये कोळशाच्या धुराविरुद्ध एक मंडळी स्थापन केली होती, डॉ. डे व्हो तिचे खजिनदार होते. १९०५ च्या जुलैमध्ये लंडनला सार्वजनिक आरोग्याची परिषद भरली, तीत त्यांनी ‘धुके आणि धूर’ या विषयावर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा, की मोठ्या शहरांत जे आढळते ते खेड्यात आढळत नाही, हे पाहायला शास्त्र लागत नाही. ते धूरमिश्रित धुके आहे, ते ‘स्मॉग’ आहे. ‘स्मोक’चा आरंभ आणि ‘फॉग’चा शेवट एकत्र करून साधलेला हा शब्द. दुसऱ्याच दिवशी एका वृत्तपत्राने लिहिले, की लंडनच्या धुक्याला नवा शब्द देऊन डॉक्टरांनी लोकसेवा केली आहे.

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण बारशाला जसे आईबरोबर बापाचेही नाव सांगावे लागते, तसेच इथे झाले. आजवर धुक्याची आई तेवढी ठाऊक होती: निसर्ग. डॉक्टरांनी बापाचे नाव उघड केले. १९११ साली मँचेस्टरच्या परिषदेत त्यांनी ग्लासगो आणि एडिंबरो या शहरांची हकीकत मांडली. १९०९ च्या शरद ऋतूत तिथे अशाच हवेने हजाराहून अधिक माणसे दगावली होती, आणि त्या मृत्यूंच्या कारणाला त्यांनी ‘स्मॉग’ हेच नाव दिले. शब्द सर्वतोमुखी झाला.

तरीही शब्द मिळाला म्हणून अक्कल लगेच येते असे नाही. १९५२ साल उजाडले. महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती, पण ब्रिटन अजून कर्जबाजारी होते. चांगला कोळसा परदेशी विकून हलका, भुकटीचा कोळसा घरच्या लोकांना मिळे, आणि १ डिसेंबरपासून सरकारने या हलक्या कोळशावरचे रेशनिंग उठवले होते. चारच दिवसांनी, शुक्रवार ५ डिसेंबरला, लंडनवर थंड, निश्चल हवेचे झाकण बसले. वर उबदार हवा, खाली गार हवा. त्यामुळे धूर वर जाईना. लोक गारठले म्हणून त्यांनी शेगड्यांत आणखी कोळसा घातला. दररोज सुमारे १,००० टन धुराचे कण त्या झाकणाखाली साठत होते, आणि गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत मिसळून त्याचे तेजाब बनत होते.

पाच दिवस हे चालले. बसच्या पुढे कंडक्टर हातात मशाल घेऊन चालत. पुढे बसही थांबल्या. सॅडलर्स वेल्स थिएटरात ‘ला त्राविआता’चा प्रयोग पहिल्या अंकानंतर बंद करावा लागला, कारण स्मॉग आत शिरून प्रेक्षक खोकू लागले होते. अर्ल्स कोर्टला भरलेल्या जनावरांच्या प्रदर्शनात पुन्हा उमदी गुरे मेली. त्याबद्दल एक चमत्कारिक स्पष्टीकरण पुढे आले: ज्या गुरांखालचे शेणमूत वरचेवर साफ केले जाई ती मेली, ज्यांच्याकडे कुणी पाहत नव्हते त्यांच्या गोठ्यातल्या अमोनियाने हवेतले तेजाब मारले आणि ती वाचली.

मंगळवारी ९ तारखेला वारा सुटला आणि आकाश मोकळे झाले. मृत्यूंच्या नोंदी हाती आल्या तेव्हा आकडा ४,००० च्या घरात गेला. बहुतेक म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि माझ्या आईसारखे दमेकरी. पुढच्या दोन-तीन महिन्यांतही मृत्यू नेहमीपेक्षा अधिकच होत राहिले. ते इन्फ्ल्यूएंझाचे, असे सरकारने ठरवले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते मृत्यूही या हिशोबात धरले, आणि एकूण आकडा १२,००० च्या आसपास असल्याचे दाखवले. अर्धे शतक १२,००० पैकी ८,००० माणसे दुसऱ्याच नावाखाली नोंदलेली राहिली! नावाचा घोटाळा किती महाग पडतो पाहा.

सरकार प्रथम हलायला तयार नव्हते. नव्या कायद्याची गरज नाही, असाच मंत्रिमंडळाचा पहिला सूर होता. पण आता लोकांपाशी नाव होते, आकडे होते. १९५३ साली सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९५४ मध्ये तिचा अहवाल आला. जेराल्ड नबारो या सभासदाने स्वतःचे खासगी विधेयक आणून सरकारच्या मानेवर जू ठेवले. आणि १९५६ साली ‘स्वच्छ हवा कायदा’ संमत झाला. शहरात धूरबंदीचे विभाग ठरले आणि घरातल्या शेगड्या बदलण्यासाठी लोकांना पैसे मिळाले. बारशापासून कायद्यापर्यंत ५१ वर्षे गेली. नंतरही १९६२ च्या डिसेंबरात एक मोठा स्मॉग आला आणि शेकडो बळी घेऊन गेला. पण लंडनचे ते पिवळे धुके हळूहळू कादंबऱ्यांत आणि मोनेच्या चित्रांतच उरले.

शब्द मात्र तोवर जगप्रवासाला निघाला होता. २६ जुलै १९४३ ला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात अचानक डोळे चुरचुरवणारी धूसर हवा दाटली. युद्धाचे दिवस, जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशी घबराट झाली. मग एका रबराच्या कारखान्यावर संशय घेऊन तो बंद ठेवला, हवा तशीच. लोकांनी तिला ‘स्मॉग’ म्हटले खरे, पण तिथे लंडनसारखा कोळशाचा धूरही नव्हता आणि धुकेही नव्हते. लख्ख ऊन होते. अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे हागन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ या कामाकडे वळले आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी कोडे उलगडले: मोटारींतून व तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विष तयार होत होते. लंडनने शेगडी सोडायची होती. लॉस एंजेलिसला आपल्या लाडक्या मोटारीकडे बोट दाखवावे लागले. त्याला कित्येक वर्षे लागली.

‘हेज’चीही अशीच एक कथा आहे. १९९७ साली इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमंतान या भागांत जंगले व पाणथळ जमिनी पेटवून दिल्याने सिंगापूर आणि मलेशियावर महिनोन्‌महिने धूर साचला. शेजाऱ्यांनी २००२ साली त्याविषयी करार केला. त्याच्या नावात शब्द आहे तो ‘हेज’, धूर नव्हे. करार त्यांच्याच भूमीतल्या आगीबद्दल. पण इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ साली. शब्द इतका मऊ, की त्यात आग कुणी लावली हे दिसतच नाही. शेजाऱ्यांना कशाला हसावे? हिंदी महासागरावर आणि दक्षिण आशियावर साचणाऱ्या धुरकट थराला शास्त्रज्ञांनी ‘एशियन ब्राउन क्लाउड’ असे नाव दिले, तेव्हा आपण भारतीयच ‘एशियन’ या शब्दावर रागावलो होतो. पुढे ते नाव बदलून ‘ॲटमॉस्फेरिक ब्राउन क्लाउड’ झाले. ढग होता तिथेच राहिला.

आणि आपण काही या इतिहासात नवखे नाही. डॉ. डे व्हो यांनी लंडनला आपला निबंध वाचला त्याच १९०५ साली बंगालमध्ये धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला, आणि १९१२ साली मुंबई इलाख्यात तसाच कायदा आला. गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबईचे आकाश काळवंडले होते म्हणूनच तो करावा लागला. आज ती धुराडी थंड पडली. पण बांधकामांची धूळ, मोटारींचा धूर आणि जाळलेला कचरा यांनी ती जागा भरून काढली. दिल्लीत २०१६ च्या नोव्हेंबरात हवेमुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हवेची उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि त्या दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० एवढ्याच वेळात उडवावेत असा आदेश दिला.

या साऱ्या धामधुमीत मराठी वर्तमानपत्रांतून एक शब्द रुळला, तो म्हणजे ‘धुरके’. धूर आणि धुके यांची गाठ मारून झालेला. डॉ. डे व्हो यांनी इंग्रजीत जे केले तेच आपल्या भाषेने केले. तेही इतक्या सहज, की शब्द उसना वाटत नाही. कुणा खेडुताने आजोबापणजोबांपासून वापरला असावा असाच तो वाटतो.

शाळा उघडल्यावर मी वर्गात फळ्यावर मिस्ट, फॉग, हेज आणि स्मॉग असे चार शब्द लिहिले, त्यांपुढे चार निरनिराळे अर्थ लिहिले आणि मुलांना वहीतला जुना अर्थ खोडायला सांगितला. मास्तरांची चूक खोडताना मुलांना जो आनंद होतो, तो त्या दिवशी त्यांनी मनसोक्त घेतला.

घरी मी आईला लंडनची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “एवढी पुस्तकं कशाला धुंडाळलीस? मला विचारायचंस. लालबागच्या चाळीत नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वारा गिरणीकडनं यायला लागला की गॅलरीतले कपडे आत घ्यायचे. पांढऱ्या धोतरावर काजळीचे ठिपके पडायचे. आम्ही त्याला धुकं नाही कधी म्हटलं.”

यावर मी काय बोलणार?

यंदा आमच्या इमारतीतल्या मुलांची बैठक झाली. माझी मुलगी तीत तावातावाने बोलली असे कळते. फटाके मुळीच नकोत, हे काही मंजूर झाले नाही. मुले ती मुलेच. पण पहाटे माळा लावायच्या नाहीत, जे काय उडवायचे ते रात्री, पलीकडच्या मैदानात, एवढे ठरले. आईला हे सांगितले तेव्हा तिने मान हलवली आणि उटण्याची पुडी जवळ ओढून हुंगून पाहिली. म्हणाली, “नरकचतुर्दशीला पहाटे पहिला वास याचा आला पाहिजे. बाकी तुमचं चालू द्या.”